बरं वाटेल त्या बाजूला

फॉर्मवर ‘रुग्णाचे नाव’ असं ठळक छापलेलं होतं आणि तिथे मी माझं नाव घातलं.

हेतू वाईट नव्हता. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, घरातला प्रत्येक फॉर्म मीच भरत आलोय. गॅसचं पुस्तक, लाइटचं बिल, घरपट्टी, मुलीच्या कॉलेजचा प्रवेश. वरच्या रकान्यात मी, आणि खाली कुठेतरी ‘पत्नीचे नाव’. पेन हातात आलं की हात आधी माझं नाव लिहून मोकळा होतो, डोकं मागून येतं. त्या दिवशीही तसंच झालं. नाव माझं, वय माझं, मोबाइल नंबर माझा. ‘दुखणे कुठे’ या रकान्यापाशी मात्र आपण कशाला आलोय ते आठवलं, आणि मी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘उजवा खांदा’.

खांदा बायकोचा होता.

आमचं घर चौलला, सुपारीच्या वाडीत. वाडीवर भागत नाही म्हणून मागच्या बाजूला पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या. शुक्रवारी संध्याकाळी मांडव्याला बोटीतून माणसं उतरतात, शनिवार-रविवार समुद्र बघतात, आमच्याकडे जेवतात आणि जाताना ‘वहिनी, भाकरी काय सुंदर हो’ म्हणतात. खोल्यांची कल्पना माझी. ती मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो. पण माणसं परत येतात ती तांदळाच्या भाकरीसाठी, आणि ती थापते बायको. एका वेळेला साठ-सत्तर. मी तोवर बाहेर खुर्ची टाकून पाहुण्यांना चौलच्या जुन्या बंदराचा इतिहास सांगत असतो, जो मला स्वतःला अर्धाच माहीत आहे.

उन्हाळ्यात कधीतरी तिचा उजवा हात वर जाईनासा झाला. पडली नाही, झडली नाही. आधी फळीवरचा डबा निघेना. मग वाळत घातलेली चादर ओढता येईना. मग एक दिवस ती आरशापुढे नुसतीच उभी दिसली, कंगवा डाव्या हातात, केस मोकळे. तिचे केस कमरेपर्यंत आहेत. मुलगी नोकरीसाठी पनवेलला. घरात उरलो मी.

“जमेल का?” तिनं विचारलं.

मी आयुष्यात फक्त सुंभाची दोरी वळलेली. तेवढ्या अनुभवावर मी बायकोची वेणी घातली. ती दुपारपर्यंत टिकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकली. पुढे रोजचंच झालं, सकाळी चहा झाला की ती पायरीवर बसायची आणि मी मागे उभा राहून दोरी वळायचो. बोलणं काही नाही. “ओढू नका,” एवढंच.

डॉक्टरांनी फोटो काढला, हाड ठीक आहे म्हणाले, खांदा आखडलाय, वेळ लागेल, गोळ्या घ्या. वेळ लागेल हे ऐकून घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही. माणगावकडे कुणी हाड बसवणारा आहे असं मला बसमध्ये कळलं, आणि मी हिला घेऊन गेलो. त्या माणसानं तेल लावलं, माझ्याशी पावसाच्या गप्पा मारल्या आणि गप्पा मारता मारता तिचा हात एकदम वर ओढला. ती किंचाळली नाही. किंचाळली असती तर बरं झालं असतं. परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून तोंड मिटून बसली ती घर येईपर्यंत. आधी खांद्याइतका जाणारा हात त्यानंतर छातीइतकाच जाऊ लागला.

गणपतीत तिनं मोदक डाव्या हातानं वळायला घेतले. ते मोदक मोदकांसारखे दिसत नव्हते. प्रसाद म्हणून सगळ्यांनी खाल्ले, मीही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ओटीवर तांदूळ निवडताना ती सहज सांगावं तशी म्हणाली, “दिवाळीपर्यंत बघते. नाही फरक पडला तर केस कापून टाकते. आणि जेवणं बंद करू. खोल्या चालवा तुम्ही, जेवायला त्यांना रेवदंड्याला पाठवा.”

“अगं, असं काय...”

“दमले मी,” ती म्हणाली आणि तांदळातला खडा उचलून अंगणात टाकला.

या बाईनं सव्वीस वर्षांत ‘दमले’ हा शब्द वापरला नव्हता. पाय दुखतात म्हणायची, डोकं चढलंय म्हणायची. दमले म्हटलं नव्हतं. मला भाकऱ्यांची काळजी वाटली असं लिहिलं तर माझं हसं होईल, पण खरं तर आधी तीच वाटली. केसांची मागाहून.

जपानी उपाय सुचवला तो आमच्या शेजारच्या भाईनं. भाई वीस वर्षं कुवेतला क्रेन चालवून परत आलेला. तिथे मान वर करकरून त्याची मान कायमची एका बाजूला झाली होती. त्याच्याशी बोलताना आपणही नकळत मान वाकडी करायचो. तो एक दिवस सरळ मानेनं आमच्या दारात आला.

“भाऊ, बघ,” म्हणाला आणि मान इकडे-तिकडे फिरवून दाखवली. “जपानी इलाज हाय. मांडव्याच्या बोटीनं एक बाई येते दर शनिवारी. आपलीच मराठी बाई, पन जपानला ऱ्हायलेली. भाभीला घेऊन जा.”

“ओढते का?” बायकोनं आतून विचारलं.

“न्हाय भाभी! काहीच करत न्हाय. खुदा की कसम, मला तर झोप लागली.”

“काहीच करत नाही तर मान कशी सरळ झाली?” मी म्हणालो.

“तेच तर मला बी कळत न्हाय,” भाई म्हणाला. “पन झाली.”

तर असे आम्ही त्या शनिवारी त्या बाईंकडे, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसलो आणि मी तो फॉर्म भरला. लाकडी जमीन, चार चटया, भिंतीला जुन्या अंकांची कपाटं. बाई चाळिशीच्या, केस बारीक कापलेले, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. एका वेळी चारच माणसं घेत. चार शनिवार, तीच चार माणसं. भाईनं खटपट करून आमच्यासाठी एक जागा मिळवलेली. एकच.

बाईंनी माझं नाव पुकारलं. मी रुबाबात उठलो, कारण नाव पुकारलं की उठायचं.

“उजवा खांदा ना? हात जितका जातो तितका वर करा.”

माझा हात सरळ छताकडे गेला. शाळेत उत्तर येणाऱ्या मुलाचा जातो तसा. उरलेल्या तिघांनी आदरानं पाहिलं. बाईंनी कागद पाहिला, मला पाहिलं. त्याच क्षणी सांगता आलं असतं, मॅडम, चूक झाली, खांदा हिचा आहे. साधं वाक्य. पण तिघं बघत होते, त्यातले एक शाळेतले निवृत्त गुरुजी माझ्या ओळखीचे, आणि फॉर्म भरता येत नाही हे त्यांच्यापुढे कबूल करायचं माझ्या जिवावर आलं.

“आज जरा बरा आहे खांदा,” मी म्हणालो. “पण कंबर फार धरते.”

कंबर धरतच होती म्हणा. पन्नाशीनंतर कंबर कुणाची धरत नाही? मी बायकोकडे पाहिलं. ती भिंतीशी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मला वाटलं, आता बोलेल. तिनं मानेनं खूण केली, जा. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सुटका झाल्यासारखी दिसत होती. माणगावचा हात तिच्या खांद्यात अजून बसलेला होता, हे मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं.

मी चटईवर उताणा झोपलो, गुडघे वर.

“दोन्ही गुडघे हळूच डावीकडे न्या. आता उजवीकडे. कुठल्या बाजूला बरं वाटतं?”

“उजवीकडे दुखतं.”

“दुखतं कुठे ते नाही विचारलं मी. बरं कुठे वाटतं?”

मी विचारात पडलो. “मग डावीकडे.”

“तर डावीकडे जायचं. श्वास सोडत. मी बाहेरून हात लावून थोडंसं अडवते. फार नाही. आता तसंच थांबा... आणि सोडून द्या. एकदम. पडू दे पाय.”

पाय पडले. दोन श्वास नुसतं पडून राहायचं. मग पुन्हा. तीन वेळा. मग म्हणाल्या, आता उजवीकडे नेऊन बघा. मघाशी जिथे कळ येत होती तिथून गुडघे सहज पुढे गेले. ह्याला सोताई म्हणतात, त्यांनी सांगितलं. जिकडे दुखतं तिकडे जोर करायचा नाही, जिकडे बरं वाटतं तिकडे जायचं, बाकीचं शरीर आपलं आपण बघतं.

मला हे पटलं नाही. गुडघे वळले तरी पटलं नाही. आम्ही लहानपणापासून काढा प्यायलो तो कडू, शेक घेतला तो कातडी भाजेपर्यंत, आणि लचक भरली तर शेजारचा माणूस नेमका दुखऱ्या जागी अंगठा रोवायचा. डोळ्यांतून पाणी आलं की दुखणं निघालं म्हणायचे. बरं वाटून बरं होणं ही काहीतरी फुकटात मिळालेली वस्तू वाटत होती, आणि फुकटातल्या वस्तूवर आमचा विश्वास नसतो.

“घरी रोज करायचं,” बाई म्हणाल्या. “अडवायला कुणीतरी लागेल. कोण आहे?”

बायको पिशवी खाली ठेवून उठली.

येताना रिक्षात मी बराच वेळ शब्द जुळवत होतो. शेवटी म्हणालो, “ते फॉर्मचं जरा...”

“असू दे,” ती बाहेर बघत म्हणाली. “तुमची कंबर पण बघायचीच होती.”

ती भांडली असती तर मला झोप लागली असती.

त्यानंतर रोज दुपारी, जेवणं आवरली की, मी माजघरात चटईवर झोपायचो आणि ही माझ्या पायांशी बसायची. पायाचे पंजे मी वर उचलायचे, तिनं वरून हलकेच अडवायचं, मग मी सोडून द्यायचे. ती सकाळपासून उभी असायची. माझे पाय धरल्या धरल्या तिला जांभया यायच्या. उजवा हात वर जात नव्हता पण माझे पाय तर खालीच होते, त्यामुळे कुणाचंच काही अडलं नाही. हे वाक्य लिहिताना मला माझीच लाज वाटते.

मी प्रामाणिकपणेही केलं नाही. ती विचारायची, “कुठे बरं वाटतं?” आणि मी मुद्दाम दुखरी बाजू सांगायचो. म्हटलं, बाईंचं बाईंपाशी, आपण जरा जोरात उपचार करून घेऊ.

“खोटं,” ती म्हणायची.

“काय खोटं?”

“डावा पाय हलका येतोय, उजवा दगडासारखा. बरं डावीकडे वाटतंय तुम्हाला. सांगताय उजवं.”

“तुला काय कळतं माझ्या पायातलं?”

“माझ्या हातात आहे ना तो,” ती म्हणाली.

तिसऱ्या शनिवारी माझी कंबर, नको म्हटलं तरी, बरी झाली होती. मी बुटाची नाडी उभ्यानं वाकून बांधून गुरुजींना दाखवली. बाई हिच्याकडे बघून म्हणाल्या, “तुमचा हात फार चांगला आहे हो. बरोबर तेवढंच अडवता.” मग म्हणाल्या, “कपाटावरची ती उशी देता जरा?”

ही उठली. कपाटापाशी गेली. चवड्यांवर उभी राहिली आणि अंग पूर्ण तिरकं करून डावा हात वर नेला.

बाई बघत राहिल्या. “उजवा?”

खाली रस्त्यावरून टेम्पो गेला, त्याच्या आवाजात माझी आणखी थोडी वेळ मारून नेण्याची सोय होती. तो आवाजही संपला.

“मॅडम,” मी झोपल्या झोपल्याच म्हणालो, “तो फॉर्म... खांदा हिचाच होता. नाव तेवढं माझं पडलं.”

गुरुजी खोकले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. म्हणाल्या, “उठा. उरलेला वेळ यांचा.”

मी उठलो आणि हिची पिशवी मांडीवर घेऊन भिंतीशी बसलो. तिथून खोली वेगळीच दिसते.

ही चटईवर बसली, पण अंग चोरून. बाईंनी हात पुढे केला तशी खांदा मागे नेला.

“ओढणार नाही मी,” बाई म्हणाल्या. “हातच लावत नाही. तुम्हीच हलवा. पुढे, मागे, आत, बाहेर. आणि सांगा, कुठे बरं वाटतं?”

“चालतंय,” ही म्हणाली.

“चालतंय नको. बरं कुठे वाटतं?”

“तसं काही फार दुखत नाही.”

“दुखण्याचं विचारलं नाही.”

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. सवयीनं मी तोंड उघडलं. “मॅडम, तिला सकाळी जरा जास्त...”

“तुम्ही थांबा,” बाई हळूच म्हणाल्या.

मी थांबलो. खोलीतली सगळीच माणसं थांबली. ही हात इवलासा पुढे नेत होती, परत आणत होती, डोळे मिटून, अंधारात फळीवर काडेपेटी चाचपावी तशी. मी आठवायचा प्रयत्न केला तरी आठवेना की हा प्रश्न तिला मी कधी विचारलाय. ‘काय दुखतंय’ विचारलंय. ‘गोळी घेतलीस का’ विचारलंय. ‘आता बरी आहेस ना’ हेही विचारलंय, पण ते पाहुणे यायच्या आधी.

“खाली,” ती शेवटी म्हणाली. “खाली आणि पोटाकडे. असा हात घेतला की बरं वाटतं.”

“तर तिथेच जाऊ,” बाई म्हणाल्या.

वर न जाणाऱ्या हाताला त्यांनी आणखी खाली नेलं. हिनं हात खाली ओढायचा, त्यांनी मनगटाला दोन बोटं लावून अडवायचं, मग सोडून द्यायचं. तीन वेळा झाल्यावर ही लांब श्वास सोडून तशीच बसून राहिली. हात फार वर गेला नाही. खांद्याला लागला, एवढंच. पण माणगावच्या आधी जिथे होता तिथे आला.

मग बाई म्हणाल्या की खांद्याचं मूळ नेहमी खांद्यात नसतं. दिवसभर एका पायावर भार देऊन ओट्याशी उभ्या राहता, सगळं अंग त्या बाजूला ओढलं जातं. आधी पाय सैल करायचे, मग खांदा. “घरी रोज करा. आता अडवायचं यांनी.” आणि माझ्याकडे बोट.

इथे खरी अडचण सुरू झाली.

घरी आल्यावर मी चटई पसरली, हिला झोपायला सांगितलं आणि पायांशी जाऊन बसलो. मी हात पुढे करताच तिनं दोन्ही पाय साडीत ओढून घेतले.

“अहो, हे नको.”

“अगं, पायाचंच सांगितलंय आधी.”

“हाताचं करा. पायाला हात नका लावू. मला बरं नाही वाटत.”

“तू नाही का पंधरा दिवस माझे पाय धरलेस?”

“ते वेगळं,” ती म्हणाली.

काय वेगळं, हे तिला मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही, कारण दोघांनाही ते माहीत होतं. दर दिवाळीत, पाडव्याला ओवाळून झालं की ती माझ्या पाया पडते. मी हात वर करून ‘असू दे असू दे’ म्हणतो. नवऱ्यानं पायाला हात लावणं म्हणजे तिच्या लेखी ताट उलटं वाढणं. तीन दिवस ती खांद्याचं तेवढं करून घेत होती. खांदा जागचा हलेना.

चौथ्या दिवशी तिनं स्वतःच माजघराची खिडकी लावली, परसदाराला कडी घातली, अंगणात कुणी नाही ना ते पाहिलं आणि चटईवर झोपली. डोळ्यांवर पदर ओढून घेतला.

“करा काय ते. लवकर.”

मी तिचे पंजे धरले. ते मी नीट पाहिलेलेच नव्हते. टाचा भेगाळलेल्या, डाव्या पायाची करंगळी आत वळलेली, आणि दोन्ही पाय गार. दुपारी दोन वाजता चुलीशी उभ्या राहणाऱ्या बाईचे पाय गार कसे असतात, मला कळेना.

“उचल,” मी म्हणालो. तिनं पंजे उचलले, मी अडवले.

“अहो, नारळ सोलताय का? हलकं धरा.”

“एवढं?”

“अजून हलकं. मी अडवत होते तसं.”

ती कशी अडवत होती हे आठवायला मला माझ्याच पायांना विचारावं लागलं. मग जमलं थोडं. ती श्वास सोडून पाय टाकायची आणि दोन श्वास शांत पडून राहायची. त्या दोन श्वासांत पदराखालून बारीक घोरणं ऐकू यायचं. मी पाय न हलवता बसून राहायचो. तिला कुठे दुपारी झोप मिळते.

परसदाराला कडी होती, पण पुढच्या दाराला घालायची आम्ही विसरलो. तिसऱ्या का चौथ्या दिवशी भाई मासळीची पिशवी घेऊन ‘भाभी’ करत थेट माजघराच्या दारात आला. मी गुडघ्यांवर बसलेलो, हिचे दोन्ही पाय माझ्या हातांत, हिच्या तोंडावर पदर.

भाईची सरळ झालेली मान पुन्हा वाकडी झाली.

“भाऊ,” तो म्हणाला, “माफी मागतोस काय?”

ही ताडकन उठून स्वयंपाकघरात गेली. मी तसाच बसून होतो.

“मागतोय,” मी म्हणालो.

तो हसला. मग माझ्याकडे पाहून हसायचा थांबला. “बरं केलंस. मासळी ताजी हाय,” म्हणून पिशवी उंबऱ्यावर ठेवून गेला. मला वाटलं, आता ही पुन्हा पाय देणार नाही. पण दुसऱ्या दुपारी ती आली आणि झोपली. खिडकी लावली नाही. पदरही ओढला नाही. आढ्याकडे बघत म्हणाली, “सगळ्या गावाला कळलंच असेल आता. करा.”

चौथा शनिवार झाला. बाई म्हणाल्या, घाई नको. घाई करायला आमच्यात जोरच नव्हता. शनिवार-रविवारचे पाहुणे सुरू झाले होते, सोमवारी सोळा चादरी धुवायच्या असायच्या, त्या मी धुऊ लागलो, आणि दुपारी दोघंही चटईवर पोचायचो ती पोती उतरवल्यासारखी. कधी ती करता करता झोपायची, कधी मी तिचे पाय धरून बसल्या बसल्या. हात रोज वर जात नव्हता. एक दिवस कानाला लागायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा हनुवटीपाशी अडायचा. अशा दिवशी ती काही बोलायची नाही, भाकऱ्या थापायची. रात्रीची जेवणं आम्ही बंद केली, दुपारची ठेवली. ते तिनं ठरवलं. मी पाहुण्यांना सांगितलं, आणि एकानं तोंड वाकडं केलं तेव्हा मी त्याला बंदराचा इतिहास सांगितला नाही.

दिवाळीच्या दोन दिवस आधी मी वाडीतून सुपाऱ्यांची पाटी घेऊन परसदारी आलो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ही पाठमोरी दिसली. तिनं दोन्ही हात मागे, मानेच्या वर नेले होते. उजवा थरथरत होता, मध्येच खाली येत होता, पुन्हा जात होता. तिनं केसांचा अंबाडा घातला. वाकडा बसला. तिनं तो चाचपून पाहिला, सोडला, पुन्हा घातला. मी पाटी खाली न ठेवता उभा राहिलो. आवाज झाला असता.

त्या रात्री मी कंगवा उचलून आरशाच्या खणात ठेवून दिला. आनंदच झाला होता. पण तो खण बंद करताना हाताला काहीतरी कमी पडल्यासारखं वाटलं, त्याला काय म्हणतात मला माहीत नाही. पाच महिने रोज सकाळी मी एक काम नीट करायला शिकत होतो, आणि हल्ली हल्ली वेणी रात्रीपर्यंत टिकत होती.

नरक चतुर्दशीला उजाडताना अंघोळी झाल्या. मी ओटीवर चहा घेत बसलो होतो, अंगणात पणत्या विझत आलेल्या. ही केस पुसत बाहेर आली. कंगवा तिच्या हातात होता, खणातून काढलेला. ती माझ्या पुढच्या पायरीवर पाठ करून बसली आणि कंगवा खांद्यावरून मागे धरला. उजव्या हातानं.

“हात जातोय की वर,” मी म्हणालो. “परवा खिडकीतून बघितलं मी.”

“जातोय.”

“मग?”

केसांतून पाणी गळून पायरीवर पडत होतं. ती म्हणाली, “जिकडे बरं वाटतं तिकडे जायचं, असंच सांगितलंय ना त्यांनी? घाला वेणी. आणि ओढू नका.”